अठ्ठावीस दिवसांचं इंजेक्शन

चादरीची एकटीने घडी घालायची काजताईची स्वतःची रीत होती. चादरीची दोन टोकं दाराच्या कडीत खोचायची, उरलेली दोन धरून मागे मागे जात समोरच्या भिंतीला पाठ टेकवायची, चादर ताणून एक झटका द्यायचा आणि मग पुढे येत टोकांना टोकं भेटवायची. खोली बरोबर चादरीएवढी होती. त्या मंगळवारी मात्र पहिली घडी पडली आणि चादर कडीत तशीच लोंबत राहिली, कारण भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजलेले तिला दिसले आणि आज अठ्ठाविसावा दिवस होता.

इंजेक्शनची वेळ साडेदहाची. दवाखाना पायी पंचवीस मिनिटांवर. तरी साडेसातपासून तिची लगबग सुरू व्हायची. केस धुवायचे, नखं कापायची, सैल बाहीचा निळा ब्लाउज काढायचा, म्हणजे दंड उघडा करताना ओढाताण नको. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई समारंभाला निघाली आहे. पण बघायला कुणी नव्हतं. निघताना ती देवाच्या तसबिरीपुढे उभी राहिली, हात जोडून दोन वाक्यं बोलली आणि लगेच वळून चपला घातल्या. देवाशी ती रोज बोलायची, पण उत्तराची वाट बघत उभी राहायची नाही. ती सवय तिने फार मोठी किंमत मोजून लावून घेतली होती.

काजताई हे नाव दुकानातलं. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात चौदा वर्षं ती हाताने काजं करत होती. बटण जिथून आत जातं ते काज. आधी कापडाला पटाशीने नेमकी चीर द्यायची आणि मग तिच्या दोन्ही कडांवर रेशमी दोऱ्याचे टाके एकाला एक चिकटवून घालत जायचं; एका काजाला साठ-पासष्ट टाके. चीर एकदा दिली की दिली. ती चुकली तर कोटाची ती बाजू गेली. मास्तर गिऱ्हाइकांना ऐकवायचे की मशीनचं काज म्हणजे नुसती फट, हाताचं काज म्हणजे चौकटीसकट दार. मग ताईकडे मान करून म्हणायचे, दारं लावणारी बाई ती बघा, आणि गिऱ्हाईक हसायचं. ती मान वर करायची नाही, पण त्या दिवशी टाके जरा जास्तच सरळ पडायचे.

भाऊ तिला छकुली म्हणायचा. एक्कावन्न वर्षांच्या बाईला छकुली. तो दुसऱ्या गावात राहायचा, दर रविवारी फोन करायचा, औषध चालू आहे ना विचारायचा आणि ती हो म्हणाली की फोन वहिनीकडे द्यायचा. वहिनीही तेच विचारायची. वाईट नव्हती दोघं. त्यांनी जे बघितलं होतं त्यानंतर आणखी काय विचारावं हे त्यांना सुचत नसे, इतकंच.

बघितलं होतं ते असं. चोविसाव्या वर्षी तिला भिंतीपलीकडून तीन बायका ऐकू येऊ लागल्या. शेजारणी गॅलरीत उभ्या राहून बोलतात तशाच बोलायच्या. उठली बघा. आता पाणी पिणार. हिच्याने काही व्हायचं नाही. भिंतीपलीकडे खरं तर जिना होता आणि जिन्यात कुणी नसायचं. वर्षभराने त्यांतली एक म्हणू लागली की मी देवाकडून आले आहे. तिने सांगितलं म्हणून ही ऐन थंडीत अनवाणी सगळ्या शहराला वळसा घालून आली आणि तळव्यांची सालटी निघेपर्यंत चालत राहिली. देवाने सांगितलेलं कसं मोडायचं? तेव्हापासून ती देवाला सांगते, ऐकत मात्र नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीने मान एका बाजूला खेचली जाऊन तशीच अडकली, जीभ तोंडात लाकडासारखी झाली. मग गोळी गालात धरून ठेवायची आणि आईची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत थुंकायची, असं चार महिने चाललं. कुंडीतलं झाड मात्र ठणठणीत राहिलं. आईच्या ते ध्यानात आलं तेव्हा तिने गोळी कुटून दुधात घालायला सुरुवात केली. मायेपोटीच केलं बिचारीने. पण कडू दुधाचा घोट घेतला आणि हिला कळलं, आणि त्या दिवसापासून दुधावरचा विश्वास गेला, भातावरचा गेला, आईवरचाही गेला. दीड वर्ष ती फक्त स्वतः उकडलेली, स्वतः सोललेली अंडी खाऊन राहिली. कवचातून कुणी काही घालू शकत नाही, हा तिचा हिशोब. चार वेळा दवाखान्यात भरती झाली. गोळ्या बदलल्या, जमल्या, बंद केल्या, पुन्हा तेच. त्यात किती वर्षं गेली ती तिने कधी मोजली नाहीत; मधून मधून बरे महिने यायचे, त्यांतच ती काजं शिकली.

मग नऊ वर्षांपूर्वी हे इंजेक्शन आलं. औषधाचा साठा दंडाच्या मांसात बसतो आणि रोज थोडा थोडा रक्तात उतरत राहतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी कागदावर ठिपके काढून समजावलं. गोळी रोज विचारायची, घेणार का मला. इंजेक्शन अठ्ठावीस दिवसांतून एकदाच विचारतं. एकदा हो म्हणायला तिला जमत होतं. आईने शेवटची तीन वर्षं लेकीच्या हातचं दूध प्यायलं आणि लेकीला पाजलं, आणि मग डोळे मिटले.

त्या तिघी एका दिवसात गेल्या नाहीत. आधी त्या लांब गेल्या, जिन्याच्या खालच्या टोकाला उभ्या असल्यासारख्या. मग शब्द कळेनासे झाले, नुसता सूर राहिला. मग एके दिवशी ताईने भांडं घासताना हात थांबवला आणि तिला कळलं की खोलीत फक्त नळाचा आवाज आहे. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, तिनेही मानले. पण अठरा वर्षं भरलेलं घर होतं ते, वाईट का असेना. उठली बघा, असं म्हणणारंही आता कुणी उरलं नाही, हे ती कुणाला सांगणार?

म्हणून मंगळवार. इंजेक्शनच्या खोलीत एक पडदा, एक स्टूल, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे आणि सिस्टर. सिस्टर सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या, जाड भिंगाच्या, बोलायला फटकळ. आधी सुई हातात घेऊन ती खालीवर जोरात हलवायच्या, औषध नीट मिसळावं म्हणून, आणि हलवता हलवता विचारायच्या, या वेळी डावा की उजवा, मागच्या वेळी कुठला ते मला आठवत नाही हं, मी म्हातारी झाले. आठवत असायचं. कार्डावर लिहिलेलंही असायचं. मग सुई, मग कापसाचा बोळा, आणि तो बोळा दाबून धरत कार्डावरचे चार प्रश्न. झोप? भूक? आवाज? कामावर जातेस? चारही उत्तरांवर खूण झाली की त्या पेन खिशाला लावायच्या आणि बोळ्यावरचा हात तसाच ठेवून विचारायच्या, "आणखी काही?"

हा पाचवा प्रश्न कार्डावर नव्हता. ताई अठ्ठावीस दिवस या प्रश्नाची तयारी करायची. बटणांच्या डब्यात ती चिठ्ठ्या टाकून ठेवायची. गिऱ्हाइकाने कोटाच्या खिशात विसरलेलं दोन वर्षांपूर्वीचं नाटकाचं तिकीट. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने पाळलेला बहिरा कुत्रा. सोमवारी रात्री त्यातली एक निवडायची आणि मंगळवारी सांगायची. सिस्टर हसायच्या, किंवा काय लोक असतात एकेक म्हणायच्या, आणि मिनिटभर जास्त हात तिथेच राहायचा. महिनाभरात तिच्या अंगाला माणसाचा हात लागायचा तो एवढाच.

एक चिठ्ठी मात्र नऊ वर्षं डब्यातच पडून होती. सिस्टरांच्या पांढऱ्या कोटाचं तिसरं काज फाटलेलं होतं. मशीनचं काज, दोरा सुटून सुटून फट रुंदावली होती, बटण टिकत नव्हतं आणि तिथे त्यांनी पिन लावली होती. काज करणाऱ्या बाईला ते नजरेआड करता येईना. पण दवाखान्यात आपण औषध घ्यायला येतो, दुसऱ्याचं उणं काढायला नव्हे, असं वाटून तिची जीभ रेटायची नाही.

त्या मंगळवारी बोळा धरलेला असतानाच डॉक्टरीणबाई पडद्यातून आत आल्या. वयाने लहान, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाल्या, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. इतकी वर्षं सगळं स्थिर आहे, तर आता तीन महिन्यांचं इंजेक्शन देता येईल. औषध तेच, साठा मोठा. वर्षातून फक्त चार वेळा यायचं. पुढच्या वेळी सुरू करू, तोवर विचार करून ठेवा.

"सुटलीस गं बाई माझ्या तावडीतून," सिस्टर म्हणाल्या आणि बोळा काढून चिकटपट्टी लावली. आज पाचवा प्रश्न राहिलाच.

रविवारी भावाला सांगितलं तर तो एवढा खूश झाला की फोन वहिनीकडे द्यायलाच विसरला. छकुले, म्हणजे तू जवळजवळ बरी झालीस की. मास्तरांना ती म्हणाली की महिन्याची ती अर्धी रजा आता लागणार नाही. मास्तरांना वाटायचं की इंजेक्शन रक्त कमी आहे म्हणून घेतात. ते म्हणाले, वा, म्हणजे आम्हाला वर्षाला आठ-नऊ सकाळी जास्त मिळाल्या. सगळ्यांचा फायदाच होता. तिने एकटीने बसून मोजलं. चौऱ्याऐंशी दिवस. डब्यात चिठ्ठ्या मावणार नाहीत, आणि मावल्या तरी त्यातली एकच सांगायची.

काही माणसं खोटं बोलायचं ठरवून बोलतात. हिने ठरवलं नव्हतं, याला देव साक्ष आहे. पुढच्या इंजेक्शनच्या मंगळवारी सिस्टरांनी बाही वर केली, पण सुई अजून भरली नव्हती, प्रश्न आधी घेतले. झोप? बरी. भूक? आहे. आवाज? नऊ वर्षं या प्रश्नाचं 'नाही' प्रश्न संपायच्या आत यायचं. आज ते आलं नाही. सिस्टरांनी भिंगांवरून बघितलं.

"येतात?"

तिने मान हलवली. होकाराची.

"कधीपासून? काय म्हणतात?"

याची तयारी केलेली नव्हती. तोंडाला येईल ते निघून गेलं.

"म्हणतात, बघा, ही आता एकटी."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंचा चेहरा पडला. कधी येतात, काही करायला सांगतात का, झोप उडाली आहे का, अशी चौकशी झाली आणि ताईने जुन्या दिवसांतलं उसनं घेऊन थोडं थोडं सांगितलं. तीन महिन्यांचं इंजेक्शन रद्द झालं. महिन्याचंच, पण मात्रा वाढवलेली. शिवाय दर शनिवारी सिस्टर फोन करून विचारतील असं ठरलं. सुई टोचली गेली. बोळा धरलेला हात त्या दिवशी पाच मिनिटं तिथेच होता, आणि दुसरा हात पाठीवर. खोटं कशाला सांगायचं, तिला तो स्पर्श गोड लागला. जिना उतरताना मात्र तिने समोरून येणाऱ्या कुणाकडे बघितलं नाही.

पहिल्या शनिवारी फोन आला. दुसऱ्या शनिवारीही आला. आवाज कसे आहेत, सिस्टर विचारायच्या आणि ती म्हणायची, कमी आहेत. अगदी नाहीत म्हणावं तर फोन बंद होईल, वाढले म्हणावं तर भरती करतील. खोट्याचीही नेमकी मात्रा सांभाळावी लागते.

बाराव्या दिवशी सुईत दोरा जाईना. आधी वाटलं डोळे. चष्मा पुसला. मग तिने हात खिडकीपुढे धरला आणि बघितलं तर बोटांची टोकं हलत होती, बारीक बारीक, जिवंत दोऱ्यासारखी. पंधराव्या दिवशी मनगट आखडलं. चालताना हात अंगाला चिकटून राहू लागले, तोंडात लाळ साचू लागली. हे तिने पूर्वी भोगलेलं होतं. औषध गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर असं लाकडी होतं. आणि गोळी असती तर उद्या नको म्हणता आली असती. हे तर दंडात बसलेलं. टोचलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही.

दुकानात नेमके तेव्हा वाद्यवृंदाचे चोवीस कोट आले होते. काळं कापड, काळा दोरा, प्रत्येक कोटाला हाताची पाच काजं. मास्तरांनी ती मागणी ताईच्या भरवशावर घेतली होती. सातव्या कोटाला पटाशी ठेवताना तिचा हात हलला आणि चीर तिरकी गेली, चांगली बोटाच्या पेराएवढी. समोर उभ्या मास्तरांनीही ते बघितलं. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो कोट घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, ताई, हात कधीपासून हलतोय? ती म्हणाली, चहा जास्त झाला. मास्तर म्हणाले, चार दिवस घरी आराम करा.

मास्तरांचे चार दिवस तिला माहीत होते. इस्त्रीवाल्याची पाठ धरली तेव्हा त्यालाही चार दिवसच सांगितले होते. त्याच्या जागी आता दुसरा इस्त्रीवाला आहे.

घरी तिने भांडी पुन्हा पुन्हा घासली. चादर धुतली, दाराच्या कडीत खोचली, पण आखडलेल्या हातांना झटका देता येईना. मग ती पलंगावर बसली. भर दुपार होती, खाली कुणीतरी जिना झाडत होतं, आणि थोड्या वेळाने तेही थांबलं. आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तिने श्वास रोखून भिंतीकडे कान लावला होता. शनिवारी काय सांगायचं याचा विचार करता करता ती खरंच ऐकत बसली होती.

"कुणी आहे का?" ती म्हणाली. मोठ्याने.

काही तरी झालं. नळ थेंबला असेल, किंवा खालचा कुत्रा. किंवा शब्द होता. कुठलं, हे क्षणभर तिला सांगता येईना, आणि तिची पाचावर धारण बसली. अठरा वर्षं ज्यांना हाकलण्यासाठी आईचा जीव गेला, त्यांना आपण आपल्या तोंडाने हाक मारली. ती उठली, नळ घट्ट पिळला, पुन्हा उघडला, पुन्हा पिळला. थेंबच होता. खात्री करायला तिला अर्धा तास लागला.

मग ती तसबिरीपुढे उभी राहिली. म्हणाली, मी खोटं बोलले. सांगायला जाते. आणि चपला घातल्या.

सिस्टर इंजेक्शनच्या खोलीत डबा खात होत्या. हिला बघून घास हातातच राहिला.

"आज गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "काय झालं? वाढले का?"

"येत नाहीत," ती म्हणाली. जीभ जड होती, शब्द घसरत होते. "आलेच नव्हते. मी खोटं सांगितलं."

सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं. लावायला वेळ लागला, कारण झाकण बसत नव्हतं. मग त्यांनी तिचा हात पुढे ओढून तळवा वर केला, बोटं हलताना बघितली, मनगट वाकवून बघितलं. ते झटक्या-झटक्याने वाकलं.

"हे कधीपासून? आणि शनिवारी मला का नाही सांगितलंस?"

तिने हात सोडवून पदराखाली घेतला.

"मी त्या दिवसापासून तुझ्या कार्डावर लाल खूण करून ठेवली आहे. घरी गेले तरी डोक्यात तूच. का केलंस हे?"

"चौऱ्याऐंशी दिवस झाले असते."

"म्हणजे?"

"तुम्ही शेवटी विचारता ना, आणखी काही. ते मला दुसरं कुणी विचारत नाही."

सिस्टरांनी डबा बाजूला सरकवला. बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता. "इंजेक्शन म्हणजे काय पाहुणचार वाटला का गं तुला? औषध आहे ते. माझ्या हाताने तुला गरज नसलेलं औषध टोचायला लावलंस." आणि मग, खिडकीकडे बघत, "आणि मी तरी कुठे कायमची आहे. चार महिन्यांनी निवृत्त होतेय. तीन महिन्यांचं घेतलं असतंस तरी, एक महिन्याचं घेतलं असतंस तरी."

हे ताईला माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी हात गमावायची वेळ आणली ते चार महिन्यांचंच होतं. 

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण एकेक गोष्ट दोनदा विचारली, आता कशावर विश्वास ठेवावा हे त्यांना नव्याने ठरवायचं होतं. ऐकण्याच्या नादात तो क्षण आला होता, थेंब की शब्द, तोही ताईने सांगितला. आता काही लपवून ठेवायचं नाही असं तिने वाटेतच ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, गेलेलं औषध परत घेता येत नाही, ते हळूहळू उतरेल. थरथरीसाठी एक छोटी गोळी देते, तिने तोंड कोरडं पडेल, जवळचं थोडं धूसर दिसेल, घाबरू नका. पुढच्या वेळी मात्रा जुनीच. स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही. तीन महिन्यांचं नंतर बघू, काही महिने नीट गेले की, आणि तेव्हा नको असेल तर नको म्हणा. नको म्हणायला आवाज यावे लागत नाहीत. शिवाय बुधवारी दुपारी वरच्या मजल्यावर आठ-दहा जण जमतात, तुमच्यासारखेच, नुसते बसतात आणि बोलतात. यायचं तर या. ती बघते म्हणाली. ओळख नसलेल्या माणसांत बसायचं म्हणजे तिला नकोसं व्हायचं, हे बाईंनाही कळलं असावं. त्यांनी कागदावर वेळ तेवढी लिहून दिली.

जाताना ती इंजेक्शनच्या खोलीच्या दारात थांबली. सिस्टर हातमोजे वाळत घालत होत्या. पिन उजेडात चकाकत होती.

"तुमच्या कोटाचं तिसरं काज फाटलंय," ती म्हणाली. "नऊ वर्षं बघतेय."

सिस्टरांनी खाली बघितलं, जणू स्वतःचाच कोट पहिल्यांदा दिसतोय. "अगं आता चार महिन्यांसाठी कशाला?"

"चार महिने पिन टोचून घ्यायची?"

सिस्टर हसल्या नाहीत. राग अजून होताच, आणि तो रास्त होता. पण त्यांनी कोट उतरवला, खिशातली पेनं काढली, कोटाची घडी केली आणि तिच्या हातात दिला. "माझ्याकडे दुसरा आहे. घाई नाही. हात थांबेपर्यंत सुई लावायची नाही, सांगून ठेवते. आणि शनिवारी फोन करणार आहे मी. आवाजांचं नाही, हाताचं विचारायला."

वाटेत दुकान लागतं. ती आत गेली आणि बसली नाही, उभ्या उभ्याच मास्तरांना म्हणाली की चहा जास्त झाला नव्हता. इंजेक्शन रक्ताचं नाही, डोक्याचं आहे, वीस वर्षांहून जास्त जुना आजार आहे, आता ठीक आहे, औषध जास्त झालं म्हणून हात हलतोय आणि काही आठवड्यांत थांबेल. एवढं सलग ती दुकानात कधीच बोलली नव्हती. मास्तरांनी कात्री ठेवली. डोक्याचं हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. नव्या इस्त्रीवाल्याने मान वळवून घेतली. मास्तर म्हणाले, दहा कोट मी काल मशीनवर काज करायला देऊन टाकले. मग टेबलावरचे धागे हाताने गोळा करत म्हणाले, बाकीचे थांबतील महिनाअखेरीपर्यंत. वाद्यवृंदाला कळवतो. महिनाअखेरीनंतर मात्र माझाही नाइलाज आहे, ताई.

ती बरं म्हणाली. हात थांबेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, मास्तरांनाही नव्हतं. रस्त्यावर येऊन तिने काखेतला कोट उघडला आणि तिसरं काज बोटाने चाचपलं. बोट हलत होतं, तरी कापडाचा अंदाज आला. जाड, पाणी पिऊन पिऊन फुललेलं. दुकानातला पांढरा दोरा शर्टाचा, बारीक. तो इथे टिकणार नव्हता. कडीत खोचलेली ओली चादर घरी वाट बघत होती. पण दोऱ्याचं दुकान सहाला बंद होतं, म्हणून आधी तिकडे जायचं आणि पांढऱ्या जाड दोऱ्याचं एक रीळ आणायचं.